मूल कडेवर येण्याआधी : मुलं सांभाळण्याचं काम कसं शोधावं आणि कसं ठरवावं

पहिल्या भेटीला गेलं की आपण सगळ्याच जणी एक वाक्य म्हणतो : "मला लहान मुलांची खूप आवड आहे." मीही म्हणायचे. समोरचे आईबाप हसून मान डोलावतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. आवड काय, शेजाऱ्यांनाही असते. त्यांना हवी असते ती निर्धास्ती. दार ओढून कामावर गेल्यावर आठ-नऊ तास जीव घरात अडकून राहू नये, एवढंच. काम शोधताना तुम्ही जे बोलाल, दाखवाल, लिहाल ते याच एका गोष्टीसाठी आहे हे लक्षात ठेवलं तर निम्मा गोंधळ कमी होतो.

ही झाली त्यांची बाजू. आपली बाजू मला पहिल्या घरानं शिकवली. सकाळी दहा ते सहा असं तोंडी ठरलं होतं. चौथ्या महिन्यात मी घरभराच्या कपड्यांना इस्त्री करत होते आणि आठ वाजले तरी निघत नव्हते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. फक्त दर वेळी "आजच्या दिवस जरा" असं होत गेलं, आणि तोवर ते मूल माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायला लागलं होतं. मग जीभ उचलत नाही. म्हणून पगार, वेळ, सुट्टी, कामाची हद्द, सगळं मूल कडेवर येण्याआधी ठरवायचं. पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिते आहे.

आधी स्वतःशी ठरवा

मुलं सांभाळणं हे एक काम नाही, निदान तीन आहेत. वर्षाच्या आतलं बाळ म्हणजे पाजणं, झोपवणं, शी-शू, आणि दिवसभर कंबरेवर भार. एक ते तीन वर्षांचं मूल म्हणजे डोळ्यांचं आणि पायांचं काम, पाठ फिरली की ते खुर्चीवर चढलेलं असतं. शाळेत जाणारं मूल म्हणजे आणणं-नेणं, खाऊ-पिऊ घालणं, गृहपाठ, भांडणं, आणि बहुतेकदा दुपारनंतरचेच तास. ज्या वयात तुमचा हात बसलाय, तिथून सुरुवात करा. पाठीचं दुखणं असेल तर जुळ्यांचं काम कितीही चांगलं वाटलं तरी घेऊ नका.

मग तास. रोज किती वाजता निघू शकता, उशिरात उशिरा किती वाजता घरी पोचायला हवं, आठवड्यातले कोणते दिवस नाहीच. येण्याजाण्याचा वेळही यातच धरा. एका बाजूला पाऊण तासाहून जास्त लागत असेल तर मी नाही म्हणते. आईबाप उशिरा आले की तो वेळ आपल्या झोपेतून जातो, आणि न झोपलेल्या माणसानं बाळ सांभाळू नये.

राहून काम करायचं असेल तर प्रश्न वाढतात. झोपायला स्वतंत्र खोली आहे का, रात्री बाळ उठलं तर कोण उठणार, सुट्टीच्या दिवशी बाहेर जाता येईल का. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी एक करार मंजूर केला, क्रमांक १८९. आठवड्यात सलग किमान २४ तास विश्रांती, सुट्टीच्या वेळात मालकाच्या घरी थांबण्याची सक्ती नाही, ओळखपत्र आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आणि महिन्यातून किमान एकदा पगार, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. तरी बोलणी करताना 'एवढं तर हवंच' अशी खालची रेघ म्हणून तो उपयोगी पडतो. ओळखपत्राची प्रत द्या, मूळ कागद कोणाच्याही कपाटात ठेवू नका.

कागद, आणि हातातली सवय

एका पानाची माहिती लिहून ठेवा. "अनुभवी, प्रामाणिक, मनमिळाऊ" हे शब्द काढून टाका, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी असं लिहा : "सात महिन्यांच्या बाळापासून ते दोन वर्षांचं होईपर्यंत, सोमवार ते शुक्रवार, रोज नऊ तास, घरात एकटीनं सांभाळलं. वरचं अन्न सुरू करणं, दुपारची झोप लावणं, शी-शूची सवय." वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवस उभा राहतो. आधीच्या मुलांची नावं आणि फोटो मात्र त्यात घालू नका. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो दाखवणारी बाई उद्या आपल्याही मुलाचा दाखवेल, हे हुशार आईबापाला लगेच कळतं.

शिफारशीसाठी दोन माणसं पुरतात, पण त्यांना आधी विचारा, आणि फोन येईल तेव्हा कामाचं काय सांगायचं तेही बोलून ठेवा. पहिलंच काम असेल तर नात्यातली, शेजारची मुलं सांभाळली असतील त्यांचे आईबाप चालतात. तेही नसेल तर काही महिने पाळणाघरात मदतनीस म्हणून काढा. पगार कमी असतो, पण एकाच वेळी पाच-सहा वयांची मुलं हाताखालून जातात. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळत असेल तर कोणी मागण्याआधीच काढून ठेवा. लसी वेळच्या वेळी घेतल्याची नोंदही जवळ असू द्या. विशेषतः डांग्या खोकला, कारण तो मोठ्यांना नुसता खोकला वाटतो आणि तान्ह्याच्या जिवावर बेततो.

सगळ्यात जास्त वजन पडतं ते प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचं. लहान मुलांचा भाग असलेला वर्ग निवडा, बाहुलीवर हात चालवून घेणारा. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला रडता-खोकता येईनासं झालं, तर त्याला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा द्यायच्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. अडकलेलं निघेपर्यंत हेच आलटून पालटून. एवढ्या लहान बाळाचं पोट दाबायचं नसतं, आणि दिसत नसताना घशात बोट घालायचं नसतं. बाळ निपचित पडलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची आणि छातीवर दाब सुरू करायचे. हे वाचून येत नाही. धडधडत्या छातीनं हात आपोआप चालायला हवेत. पद्धती अधूनमधून सुधारल्या जातात, म्हणून दर दोन वर्षांनी वर्ग पुन्हा करा.

काम कुठे मिळतं

जाहिराती बघण्याआधी बागेत जा. संध्याकाळी बागेत मुलांना घेऊन आलेल्या आपल्यासारख्याच बायका असतात, आणि कोणत्या घरात दुसरं बाळ येणार, कोणाची सांभाळणारी गावी चालली, कोणत्या घरात कोणी टिकत नाही आणि का, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. मला मिळालेली चांगली कामं अशीच मिळाली. बाई सोडून जाताना मालकीणबाई तिलाच विचारते, "तुझ्या ओळखीत कोणी आहे का?" त्या वेळी तुमचं नाव तिच्या तोंडी यायला हवं.

त्याखालोखाल बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातला फलक, बालवाडी, पाळणाघर आणि राहत्या भागातले व्हॉट्सॲप गट. पाळणाघरात जागा न मिळालेले आईबाप तिथेच हात चोळत उभे असतात, म्हणून तिथल्या बाईंकडे आपला नंबर देऊन ठेवावा. वेळही साधा : बाळंतपणाची रजा संपायच्या दीड-दोन महिने आधी आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावर शोधाशोध वाढते.

गटात लिहिताना चार ओळी पुरे. कोणत्या वयाची मुलं, कोणते दिवस, कोणते तास, कोणत्या भागात, कधीपासून. पत्ता, घरातल्या माणसांची माहिती, एकटी राहता की कसं, हे तिथे लिहू नका.

एजन्सीकडून काम घ्यायचं तर पहिलाच प्रश्न हा : पैसे कोण देणार, घर की मी? मगाशी सांगितलेला करारही म्हणतो की एजन्सीचं शुल्क कामगाराच्या पगारातून कापलं जाऊ नये. नोंदणीसाठी आगाऊ रक्कम मागणारी एजन्सी सोडून द्या. ऑनलाइन एक फसवणूक तर जगभर सारखीच चालते. "आम्ही परदेशातून तुमच्या शहरात येतोय, भेट नंतर, पण तुम्ही पक्क्या" असा निरोप येतो. मग आगाऊ पगार म्हणून जास्त रकमेचा चेक येतो आणि 'उरलेले' पैसे कोणाला तरी पाठवायला सांगतात. चेक काही दिवसांनी परत येतो, पाठवलेले पैसे गेलेले असतात. न भेटता, मूल न दाखवता कोणी पैसे पाठवत नाही, एवढं धरून चाला.

फोनवर

भेटीला जाण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोला. मुलाचं वय, तास, घरात आणखी कोण असतं, आधी कोणी होतं का आणि ते का सोडून गेलं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐका. वर्षभरात चार बायका बदलल्या आणि चारही वाईट निघाल्या, असं कोणी सांगत असेल तर पाचव्या तुम्ही असाल.

पगार किती ठरवलाय हेही फोनवरच विचारा. "आधी या तर, मग बघू" असं उत्तर आलं तर शांतपणे म्हणावं, "तुमचा अंदाज सांगा, जमण्यासारखं असेल तर नक्की येते. उगाच दोघांचा वेळ जायला नको." यात उद्धट काही नाही.

भेट

घरात गेल्यावर मुलाच्या अंगावर धावून जाऊ नका, त्याला लगेच उचलूही नका. दोन वर्षांच्या मुलाला परकं माणूस पहिली पाच मिनिटं फक्त बघायचं असतं. जमिनीवर बसा, हातात त्याचं एखादं खेळणं घ्या, आईशी बोलत राहा. ते आपणहून जवळ येतं. आईबाप त्या वेळी तुमच्या उत्तरांपेक्षा हेच जास्त बघत असतात. आणि चप्पल काढल्यावर न सांगता हात धुतले का, तेही.

प्रश्न ठरलेलेच असतात. "बाळाला कसं झोपवता?" याला "मांडीवर, गाणं म्हणून" एवढं उत्तर पुरत नाही. उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी न ठेवता, असं सांगा. वर्षाखालच्या बाळाला हेच सर्वांत सुरक्षित. "खायला काय देता?" याचं उत्तर "तुम्ही सांगाल ते" असं देऊन चालत नाही, काय देणार नाही तेही सांगा : वर्ष होईपर्यंत मध चाटवणार नाही, अख्खे दाणे नाहीत, द्राक्ष दिलंच तर उभं चार भागांत कापून. पावडरचं दूध करायचं असेल तर उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली उतरण्याआधीच पावडर घालायची, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली नळाखाली धरून दूध कोमट करायचं आणि पाजून उरलेलं टाकून द्यायचं. काढून ठेवलेलं आईचं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, ते मध्येच कुठेतरी चटका बसेल इतकं तापतं. अशी दोन उत्तरं दिली की समोरचा चेहरा सैल पडलेला दिसतो.

"मूल रडायचं थांबलंच नाही तर?" हा खरा प्रश्न आहे, आणि प्रामाणिक उत्तर चालतं. भूक, लंगोट, ताप, कपड्यात अडकलेलं काही, एवढं बघायचं. तरीही थांबलं नाही आणि आपलाच तोल जायला लागला, तर त्याला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हायचं, श्वास घ्यायचा, आईला फोन करायचा. बाळाला कधीही गदगदा हलवायचं नाही, त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. "मला कधी रागच येत नाही" असं म्हणणाऱ्या बाईवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तुम्हीही घर बघा. औषधं कुठे आहेत, गॅलरीला जाळी आहे का, खेळण्यांतले आणि रिमोटमधले बटणासारखे सेल उघडे पडलेत का. तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते. "हे जरा वर ठेवूया का?" एवढंच म्हणा. वाईट वाटून घेणारं घर असेल तर तेही आजच कळलेलं बरं.

दोन-तीन दिवसांची चाचणी बहुतेक घरं मागतात. चाचणी जरूर करा, पण पगारी. पहिल्या दिवशी आई घरात असावी, शेवटच्या दिवशी नसावी.

ठरवणं

चाचणी झाली, दोघांना पटलं. आता बसून लिहायचं. वकिली भाषा नको, साध्या वहीचं एक पान पुरतं, दोघांच्या सह्या आणि एकेक प्रत.

तास लिहा, आणि उशीर झाला तर काय तेही. पंधरा मिनिटं मी सोडून देते, त्यापुढे अर्ध्या तासाच्या हिशेबानं पैसे. ठरलेल्या तासांपैकी निम्मेच लागले तरी पगार पूर्ण, कारण तो वेळ मी त्यांच्यासाठी अडवून ठेवलेला असतो. घरची मंडळी आठवडाभर फिरायला गेली तर माझा पगार चालू. मी गेले नाही तर तो माझा खाडा, पण भरपगारी रजा किती आणि आजारपणाच्या किती हे आधीच ठरलेलं हवं. या दोन गोष्टींत गल्लत झाली की महिनाअखेरीस कुरबुर ठरलेली.

कामाची हद्द हा सगळ्यात नाजूक भाग. मी अशी रेघ ओढते : बाळाचे कपडे, बाळाच्या बाटल्या, बाळाचं जेवण, बाळाची खोली. मोठ्यांचं काही नाही. तुम्हाला वरकामही करायचं असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त त्याचे वेगळे पैसे आणि वेगळा वेळ लिहा. बाळ जागं असताना गॅसवर उकळतं काही असू नये, आणि याचा इस्त्रीवाल्या कपड्यांशी काही संबंध नाही असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या पहिल्या घराची गोष्ट सांगते. आईला पुन्हा दिवस गेले तर काय, हेही विचारून घ्या. दुसरं बाळ आलं की काम दुप्पट होतं आणि पगाराचा विषय कोणी काढत नाही. दोन घरं मिळून एकच सांभाळणारी ठेवणार असतील, तर मी प्रत्येकाकडून एकट्या घराच्या दराच्या सुमारे दोन-तृतीयांश धरते. त्यांचाही फायदा, माझाही.

पगाराचा आकडा सांगण्याआधी आपल्या भागातल्या तीन-चार जणींना विचारा, किमान वेतनाचा नियम लागू आहे का बघा, आणि मग एकच आकडा सांगा. "अमुक ते तमुक" म्हटलं की समोरच्याला फक्त अमुक ऐकू येतं. दर वर्षी कोणत्या महिन्यात वाढ करायची तेही लिहा. उचल घेणार असाल तर किती हप्त्यांत फेडणार हे ठरवा, नाहीतर नोकरी सोडायची वेळ येते तेव्हा पाय अडकतो.

उरलेल्या गोष्टी : घरात कॅमेरा असेल तर कुठे कुठे, हे मला आधी सांगायचं, आणि कपडे बदलायच्या, झोपायच्या जागी तो नसावा. औषध आईबापांनी लिहून दिल्याशिवाय मी देणार नाही, तापाचंसुद्धा. मुलाला मारणं नाही, कोणी सांगितलं तरी. टीव्ही-मोबाइल किती, हे त्यांनी ठरवावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेली मर्यादा अशी आहे : वर्षाखाली अजिबात नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नाही. आई एक सांगते आणि आजी दुसरं, असं झालं तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही त्याच पानावर. हा प्रश्न विचारला की आईबाप एकमेकांकडे बघतात. बघू द्या.

शेवटी, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. दोन्ही बाजूंना सारखंच, बहुधा महिनाभर.

पहिला महिना

एक वही ठेवा. किती वाजता खाल्लं, किती, किती वेळ झोपलं, शी-शू, पडलं-लागलं, औषध. मूल पडलं तर खूण दिसो वा न दिसो, लगेच सांगा. संध्याकाळी त्यांना टेंगूळ आपणहून सापडलं, तर तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपतो. डोक्यावर पडल्यावर उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त झोप येऊ लागली किंवा शुद्ध हरपली, तर वाट न बघता दवाखाना. डॉक्टरांचा, रुग्णवाहिकेचा आणि दोघा पालकांचा नंबर फ्रिजवर लावून घ्या.

पंधराव्या दिवशी आणि महिन्याच्या शेवटी दहा मिनिटं मागून घ्या : "काही वेगळं हवंय का?" मनात साठवून ठेवणारी घरं अचानक काढून टाकतात. ठरलेल्या पानाबाहेरचं काम आलं तर पहिल्याच वेळी हसून म्हणा, "आज करते, पण रोज लागणार असेल तर वेळ आणि पैसे ठरवूया." तिसऱ्या वेळी म्हटलं तर ते भांडण वाटतं.

काम संपतं तेव्हा

मुलं मोठी होतात, शाळेत जातात, आपलं काम संपतं. ते नक्की झालं की त्याच आठवड्यात शिफारसपत्र मागा, शेवटच्या दिवशी नाही. त्या दिवशी सगळ्यांचेच डोळे भरलेले असतात आणि पत्र राहून जातं. पत्रात मुलाचं वय, किती महिने, किती तास, कोणती कामं आणि सोडण्याचं कारण असावं, आणि फोन केला तर चालेल असं लिहून नंबर. मुलाला मात्र आपण जाणार हे तीन-चार दिवस आधी, आईबापांसमोर, साध्या शब्दांत सांगा. ते झोपलेलं असताना चोरपावलांनी निघून जाऊ नका. मी एकदा तसं केलं होतं. नंतर महिनाभर ते मूल दुपारी झोपायलाच तयार नव्हतं, असं त्याच्या आईनं फोनवर सांगितलं.